गोल राहणारा टायर

पुण्याहून आंबोलीमार्गे गोव्याला जायचं तर निपाणीपर्यंतचा पावणेतीनशे किलोमीटरचा रस्ता जवळजवळ सरळच आहे. खंबाटकीचा चढ आणि मधली डायव्हर्शन सोडली तर गाडी झुकवायची वेळ येत नाही. निपाणीला महामार्ग सोडला की आजऱ्याच्या बाजूने रस्ता हळूहळू वळायला लागतो, आणि आंबोली गाव मागे टाकून दाणोलीकडे उतरताना एक वळण संपायच्या आत दुसरं समोर उभं असतं. मोटरसायकलला टायर कोणता घ्यावा, या प्रश्नाचं माझं उत्तर या एका रस्त्यात आहे. टायर झिजतो निपाणीपर्यंत आणि कामाला येतो आंबोलीनंतर.

माझ्याकडे कावासाकीची निन्जा १००० आहे. १०४३ सीसीचं इंजिन, टाकी भरली की वजन २३५ किलोच्या आसपास. अशा गाड्यांना स्पोर्ट टूरर म्हणतात. वळणात स्पोर्ट बाइकसारख्या झुकतात, पण दिवसभर बसून पाठ धरत नाही, आणि मागे माणूस, दोन्ही बाजूंना पेट्या घेऊन पाचशे किलोमीटर सहज जातात. बायको आणि मी वर्षातून काही मोठे दौरे याच गाडीवर करतो. दोघांचं वजन, कपडे, पावसाळी जॅकेटं, पाण्याच्या बाटल्या, येताना कोकणातलं काहीबाही. हे सगळं ज्या दोन टायरांवर चालतं, त्यांच्याविषयी मी गाडीच्या इतर कुठल्याही भागापेक्षा जास्त विचार करतो, आणि ते मला गैर वाटत नाही.

कुठल्याही चहाच्या टपरीवर चार मोठ्या बाइक उभ्या असल्या की विषय टायरवर येतोच. "तुमचा किती गेला?" कोणी बारा हजार किलोमीटर सांगतो, कोणी अठरा. ज्याचा आकडा मोठा त्याचा टायर चांगला, असं ठरून चहा संपतो. मला या हिशेबाचं नेहमी वाईट वाटतं, कारण त्यात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट येतच नाही. नक्षीच्या खाचेतला झीज दाखवणारा छोटा उंचवटा रबराच्या पातळीला लागला की टायर संपला, हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्या दिवसाच्या कितीतरी आधी टायरचा आकार बदललेला असतो. शेवटचे तीन-चार हजार किलोमीटर आपण एका वेगळ्याच गाडीवर बसलेले असतो.

कारचा टायर रस्त्यावर सपाट बसतो. मोटरसायकलचा टायर आडवा कापून पाहिला तर त्याचा माथा कमानीसारखा गोल असतो, कारण गाडी वळते ती झुकून. सरळ जाताना कमानीचा माथा रस्त्याला टेकतो, झुकल्यावर खांदा टेकतो, आणि माथ्यापासून खांद्यापर्यंत जायचा उतार सलग असावा लागतो. इंजिनाची सगळी ताकद मागच्या टायरमधून रस्त्यावर उतरते. महामार्गावर तासन् तास सरळ गेलं की त्या ताकदीने फक्त मधला पट्टा घासतो. दोन्ही खांद्यांची नक्षी नव्यासारखी राहते, मधली जाते. कमान चपटी होते. पोरं म्हणतात 'टायर स्क्वेअर झाला'. म्हणजे मध्ये सपाट आणि दोन्ही बाजूंना एकेक कड.

अशा टायरवर घाटात उतरलात की पहिल्याच वळणाला कळतं. गाडी झुकवायला गेलं की आधी अडते. हँडलवर थोडा जास्त जोर द्यावा लागतो. मग ती कड ओलांडली की एकदम पडल्यासारखी झुकते, आपण मागितलं होतं त्याहून जास्त. गोल वरवंटा हाताने लोटला तर सारखा सरकत जातो. त्याची एक बाजू घासून सपाट झाली असेल तर तो अडतो आणि मग गडगडतो. तेच होतं. एकट्याने, ओळखीच्या रस्त्यावर, कोरड्या दिवशी माणूस हे सांभाळून घेतो. मागे कोणी बसलेलं असताना, समोरून एसटी वळण कापत येत असताना आणि रस्त्यावर पाणी असताना गाडी मागितलं तेवढंच झुकायला हवी. टिकाऊ टायरकडून माझी मागणी ही आहे. त्याने किलोमीटर द्यावेत, पण गोल राहून द्यावेत.

टायर किती चपटा झाला हे पाहायला यंत्र लागत नाही. गाडी मधल्या स्टँडवर किंवा मागचं चाक उचलून धरणाऱ्या पॅडॉक स्टँडवर घ्यायची, मागे उकिडवं बसायचं आणि शाळेतली स्टीलची पट्टी टायरवर आडवी धरायची. नव्या टायरवर पट्टी एका रेघेत टेकते आणि दोन्ही बाजूंना उजेड दिसतो. झिजलेल्या टायरवर ती बोटभर, दोन बोटं रुंद जागेवर पक्की बसते, हलतच नाही. मग अंगठा माथ्यावरून खांद्याकडे हळू ओढत न्यायचा. जिथे अंगठ्याला धार लागते, तिथेच घाटात गाडी अडणार आहे. मी नक्षीची खोली मोजायची छोटी गेज वापरतो आणि तीन ठिकाणी मोजतो: मधोमध, डाव्या खांद्यावर, उजव्या खांद्यावर. या तीन आकड्यांतला फरक मला ओडोमीटरपेक्षा जास्त सांगतो.

त्यात आणखी एक गोष्ट दिसते. माझ्या टायरचा उजवा खांदा डाव्यापेक्षा थोडा जास्त झिजतो. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो, त्यामुळे उजवं वळण बाहेरच्या अंगाने घ्यावं लागतं, म्हणजे तेच वळण लांब पडतं. शिवाय उजव्या वळणात पुढचं जास्त लांबपर्यंत दिसतं, म्हणून माणूस नकळत थोडा वेगात जातो. डाव्या वळणात डोंगर आड येतो, वाळू कडेला साचलेली असते, हात आखडतो. घाटात मी कसा चालवतो हे टायरवर असं उमटतं.

आता वजनाचा हिशेब. गाडी, आम्ही दोघं आणि सामान मिळून चारशे किलो धरले तर मागच्या चाकावर त्यातले साधारण २४० येतात. मागे हवा ४२ पीएसआय, म्हणजे चौरस सेंटीमीटरला जवळपास २.९५ किलो. २४० ला २.९५ ने भागलं की सुमारे ८० चौरस सेंटीमीटर उरतात. टायरच्या कडकपणामुळे यात थोडं इकडेतिकडे होतं, पण अंदाज बरोबर आहे. दहा बाय आठ सेंटीमीटरचा तुकडा. ब्रेक, वेग, वळण, पाऊस, सगळं त्या तुकड्यावर. टायरवर ७३ डब्ल्यू असं छापलेलं असतं त्यातला ७३ म्हणजे ३६५ किलो भार आणि डब्ल्यू म्हणजे ताशी २७० किलोमीटरपर्यंतचा वेग. आपल्याला त्या वेगाशी घेणंदेणं नाही, पण भाराशी नक्की आहे. दोघांनी सामानासह फिरायचं असेल तर हा आकडा कमी असलेला स्वस्त टायर कोणी कितीही चांगला म्हणून दाखवला तरी घेऊ नये.

अशा टायरची रचना मला फार सुंदर वाटते. रबरात काजळी मिसळतात, म्हणून टायर काळा. काजळीने रबर झिजेला टिकतं. त्याच्या जोडीला सिलिका घातली की थंड आणि ओल्या रस्त्यावर पकड येते. शर्यतीच्या ट्रॅकवरच्या टायरला आधी चांगलं तापावं लागतं. पहाटे सहाला साताऱ्याच्या अलीकडे तो कधी तापणारच नाही. टूरिंग टायर घराबाहेर पडल्यापासून काम करायला लागतो. आणि मध्ये कडक, बाजूला मऊ असं दोन रबरांचं मिश्रण आता या वर्गात सर्रास आहे. मिशेलिनने २००७च्या सुमाराला आणलेल्या पायलट रोड २ ने ही कल्पना टूरिंगवाल्यांच्या मनात पक्की बसवली. ब्रिजस्टोनने मागच्या टायरला थरांची वेगळी रचना दिली. काँटिनेंटलचा मार्ग मला सगळ्यात मोहक वाटतो: रबर एकच, पण साच्यात भाजताना मध्ये आणि कडेला उष्णता वेगवेगळी द्यायची, म्हणजे मधला भाग कडक होतो, खांदे मऊ राहतात आणि दोन रबरांमध्ये सांधा कुठेच येत नाही. मेट्झेलर हाच परिणाम आतल्या पोलादी पट्ट्याचा ताण जागोजाग बदलून साधतो. चार कंपन्या, चार वाटा, आणि प्रश्न तोच: निपाणीपर्यंत झिजू नये आणि आंबोलीनंतर सुटू नये.

या सगळ्याच्या आत, रबराखाली, चाकाच्या परिघाला समांतर गुंडाळलेला पोलादी किंवा अॅरॅमिड या मजबूत कृत्रिम धाग्याचा पट्टा असतो. वेगात टायर फुगू पाहतो, त्याला हा पट्टा आवळून धरतो. कमानीचा आकार टिकतो तो बराचसा त्याच्यामुळे. म्हणून टिकाऊपणा फक्त वरच्या रबराच्या कडकपणात शोधणं चुकीचं आहे. नुसतं कडक रबर घातलेला टायर किलोमीटर देईल, पण पावसात तो काय करेल याचा भरवसा नाही.

पावसाचं वेगळं सांगायला हवं. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मृगाचा पहिला पाऊस आला की महिनोन् महिने रस्त्यात मुरलेलं तेल आणि धूळ वर येते, आणि ते पहिले एक-दोन दिवस सगळ्यात वाईट. नंतर रस्ता धुऊन निघतो. मग श्रावणात कडेला शेवाळ धरतं, लाल माती वाहून येते, वळणावर ट्रकच्या टाकीतून डिझेल सांडलेलं असतं. नक्षीचं काम पाणी बाजूला सारायचं, आणि त्यासाठी खाच खोल हवी. आपल्याकडे दुचाकीला नक्षीची किमान खोली ०.८ मिलिमीटर आहे. कायद्याला ते पुरतं. मला पुरत नाही. मधली खोली दोन मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर घेऊन मी जून ते सप्टेंबर घाटात जात नाही, मग कंपनीच्या खुणेप्रमाणे त्यात अजून जीव असला तरी. टायर बदलायचा तो मे महिन्यात. दिवाळीच्या खरेदीत बदललेला टायर पावसाळा येईपर्यंत अर्धा झिजून बसतो.

आणि सिमेंटचे रस्ते. पनवेलच्या खाली मुंबई-गोवा महामार्गाचा बराच भाग आता सिमेंटचा आहे. पाणी निघून जावं म्हणून त्यावर आडव्या बारीक रेघा मारलेल्या असतात. पकड चांगली मिळते, पण टायरवर ते किसणीचं काम आहे, आणि हेल्मेटच्या आत तो एकसुरी घूं असा आवाज दिवसभर राहतो. ज्या टायरने युरोपात अमुक हजार किलोमीटर दिले, तो इथे तेवढे देईल असं धरून चालू नये. तिथली हवा थंड, डांबर वेगळं, ओझंही बहुधा वेगळं.

किलोमीटरबद्दल कोणी अधिकृत आकडाही देत नाही. अमेरिकेत कारच्या टायरवर झिजेचा एक दर्जा छापतात. मोटरसायकलच्या टायरला तशी काही पद्धत नाही. कंपन्या स्वतःच्याच मागच्या मॉडेलशी तुलना करतात. मिशेलिनने २०२२ साली रोड ६ आणला तेव्हा रोड ५ पेक्षा दहा टक्के जास्त आयुष्य आणि ओल्यात पंधरा टक्के जास्त पकड असा दावा केला. दावा खरा मानला तरी तो कुठल्या रस्त्यावर, किती ओझ्याने, हे आपल्या रस्त्यावर आपल्यालाच पाहावं लागतं. म्हणून मी लोकांना "किती गेला" विचारायचं सोडून दिलं आहे. मी विचारतो, चपटा कधी वाटायला लागला? मागे कोणी बसतं का? हवा किती ठेवता? या तीन प्रश्नांची उत्तरं देणारा माणूस भेटला तर त्याच्या मताला माझ्या लेखी कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त वजन आहे.

हवेचं तर आपल्याकडे मोठं दुखणं आहे. उन्हाळा आला की पेट्रोल पंपावर हवा भरणारा मुलगा आपुलकीने सांगतो, "दादा, ऊन आहे, दोन पॉइंट कमी ठेवतो, फुटेल नाहीतर." घरातली मोठी माणसंही हेच सांगतात. याच्या अगदी उलट करायला हवं. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, जास्त वाकते आणि त्या वाकण्यातून आत उष्णता तयार होते. विदर्भात मे महिन्यात हवाच ४५ अंशांवर, रस्ता त्याहून कितीतरी तापलेला, त्यात ही आतली उष्णता. टायर फुटतात ते बहुतेक वेळा अशा कमी हवेने. कंपनीने हवेचा आकडा दिलेला असतो तो थंड टायरचा, सकाळी गाडी हलवायच्या आधीचा, आणि चालल्यावर ती वाढणार हे त्यात धरलेलं असतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की ४२ पीएसआयच्या टायरमध्ये दोनेक पीएसआय वाढतात, हा साधा वायूचा नियम आहे. नायट्रोजन भरला तरी तोच. गरम टायरमधली हवा सोडली तर दुसऱ्या दिवशी सकाळी तो कमी हवेवर उभा असतो.

माझ्या गाडीला पुढे ३६ आणि मागे ४२. एकटा असलो तरी मी यात फारसा फरक करत नाही. हवा कमी ठेवली की मागचा टायर जास्त तापतो आणि आपल्याला टिकवायचा आहे तो आकार लवकर जातो. पुढच्या टायरवर त्याचा परिणाम वेगळा दिसतो. ब्रेक लागताना नक्षीचा प्रत्येक तुकडा मागे ओढला जातो आणि एका बाजूने जास्त झिजतो. हात फिरवला तर एका दिशेने गुळगुळीत आणि उलट्या दिशेने खवल्यांसारखं लागतं. मग साठ-सत्तरच्या वेगाला हँडल बारीक थरथरतं आणि लोक बेअरिंग बदलून मोकळे होतात. हातपंपाएवढा छोटा कॉम्प्रेसर आणि हवेचा दाब मोजायची बऱ्यापैकी चांगली गेज, दोन्ही मिळून एका टायरच्या किमतीच्या फार थोड्या भागात येतात. टिकाऊ टायर घ्यायला निघालेल्या माणसाने आधी ही गेज घ्यावी असं मी आग्रहाने सांगतो.

नाना पेठेत एक काका मोठ्या बाइकचे टायर बसवतात. मशीनला प्लॅस्टिकच्या पट्ट्या लावलेल्या, म्हणजे रिमवर ओरखडा येत नाही. जुना टायर काढताना ते बोलत नाहीत. नवा हातात घेतला की आधी फिरवून बाण पाहतात, कुठल्या दिशेने फिरायचा ते. मग बाजूचा पिवळा ठिपका शोधतात. टायरची सगळ्यात हलकी जागा ती. रिमवर व्हॉल्व्हचं वजन असतं, म्हणून ठिपका व्हॉल्व्हपाशी आणायचा. कडेला साबणाचं पाणी लावतात, टायर चढवतात, हवा भरतात आणि कान देऊन थांबतात. 'टक्' असा एक आवाज, मग दुसरा. दोन्ही बाजू रिमच्या खोबणीत बसल्याची ती खूण. तरीही बोटाने सगळ्या परिघावरून फिरून रेघ सारखी दिसते का पाहतात. मग बॅलन्सिंग. वजनाच्या पट्ट्या चिकटवायच्या आधी रिमवरचा जुना डिंक पेट्रोलच्या फडक्याने पुसतात.

त्यांना विचारलं होतं, "काका, लोक कशामुळे टायर बदलायला येतात? झिजला म्हणून?"

"झिजला म्हणून येणारे थोडे हो, सर. कुणाला खिळा बाजूला घुसलाय, कुणाचा खड्ड्यात आपटून फुगा आलाय. नाहीतर गाडी वर्षभर गच्चीखाली उभी, टायरला भेगा. हवा तर कोणी बघतच नाही. पंपावर फुकट मिळते तरी कोणी थांबत नाही."

खड्ड्याची कड रेडियल टायरच्या, म्हणजे आतले धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेला आडवे गेलेल्या टायरच्या, बाजूला लागली की आतले धागे तुटतात आणि तिथे फुगा येतो. त्यावर इलाज नाही, टायर जातो, मग त्याच्यात दहा हजार किलोमीटर शिल्लक असोत. माथ्यावर घुसलेला बारीक खिळा मात्र बहुधा चिंतेचा विषय नसतो. आतून मशरूम पॅच, म्हणजे भोक बुजवणारं छत्रीसारखं ठिगळ, बसवला की टायर व्यवस्थित चालतो. रस्त्यात बाहेरून दोरीचा प्लग मारला असेल तर घरी परतल्यावर टायर उतरवून आतून तपासून घ्यावा.

काकांनी भेगांचं सांगितलं त्यात मोठा अर्थ आहे. पुण्यामुंबईत कितीतरी मोठ्या बाइक फक्त रविवारी सकाळी निघतात, लोणावळ्याला किंवा पानशेतला नाश्ता करून परततात. वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटर. असा माणूस दुकानात जाऊन सगळ्यात जास्त टिकणारा टायर मागतो, तेव्हा त्याला कोणीतरी थांबवायला हवं. त्याचा टायर झिजणार नाही, म्हातारा होणार आहे. रबर ऊन आणि हवेने आतून कडक होत जातं, नक्षी तशीच दिसते, पकड गेलेली असते. पाच-सहा वर्षांत तो बदलावाच लागतो. त्याने पकड जास्त असलेला, कमी टिकणारा टायर घ्यावा. पैसे तेवढेच जातील आणि पाचही वर्षं गाडी चांगली वळेल. माझ्यासारखी लांब जाणारी माणसं वेगळी. आम्ही दीड-दोन वर्षांत टायर संपवतो, त्यामुळे टिकाऊपणाला आमच्याकडे खरा अर्थ आहे.

वय पाहायचं तर टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनंतरचे शेवटचे चार अंक वाचायचे. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. हे वाचल्याशिवाय मी पैसे देत नाही. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने टायरच्या आयातीवर निर्बंध घातले. परवान्याशिवाय बाहेरचा टायर आणता येईना. शिवाय आपल्याकडे विकायच्या टायरवर आयएसआयची खूण सक्तीची आहे. देशी उद्योगासाठी याची बाजू मी समजू शकतो, पण आमच्या मापाचे टायर इथे फारसे बनत नव्हते, त्यामुळे मोठ्या बाइकवाल्यांचे फार हाल झाले. किमती चढल्या, मॉडेल निवडायची सोय गेली, आणि गोदामात पडून राहिलेला माल नव्याच्या भावाने निघाला. एका दुकानात मला चार वर्षांचा टायर दाखवून "अहो, पॅक आहे, वापरलेला थोडाच आहे" असं समजावलं गेलं. वापरलेला नसला तरी त्याच्या आयुष्यातली चार वर्षं गेलेलीच होती, आणि ते गोदाम किती तापलेलं होतं हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

मापाचीही एक अडचण आहे. माझ्या गाडीला मागे १९०/५० झेडआर १७ लागतो: १९० ही मिलिमीटरमधली रुंदी, ५० म्हणजे टायरची उंची रुंदीच्या किती टक्के, आणि १७ हा रिमचा इंचातला व्यास. नव्या गाड्यांना बहुतेक १९०/५५ असतो, त्यामुळे दुकानदार पटकन म्हणतो, हाच टाका, सगळे टाकतात. १९० चे ५० टक्के ९५ मिलिमीटर आणि ५५ टक्के १०४.५, म्हणजे गाडी मागून साडेनऊ मिलिमीटर वर उचलली जाते, कमान जास्त उंच होते आणि गाडी वळायला चपळ वाटते. हे खरं आहे आणि पुष्कळ जण त्यावर खूश आहेत. पण चाकाचा घेर तीन टक्क्यांनी वाढतो, आणि मागचं चाक घसरू लागलं की इंजिनाची ताकद कमी करणारा ट्रॅक्शन कंट्रोल पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगांची तुलना करूनच चालतो. ओल्या घाटात ज्या यंत्रणेवर विसंबायचं तिच्या हिशेबात मी स्वतः फरक घालणार नाही. टायर मिळायला महिनाभर थांबावं लागलं तरी मूळचंच माप.

जोडीने बदलायचा की फक्त मागचा, यावर वाद होतात. मागचा आधी संपतो. पुढच्यात निम्मं आयुष्य असेल आणि खवले धरलेले नसतील तर मी तो ठेवतो, पण मागचा त्याच मॉडेलचा घेतो. पुढचा गोल आणि मागचा चपटा असला की वळणात दोन चाकं दोन वेगवेगळ्या गोष्टी मागतात. आणि ज्या दिवशी पुढच्याविषयी मनात शंका येईल त्या दिवशी तो बदलायचा. मागचा घसरला तर सावरायला थोडी तरी संधी असते. पुढचा घसरला की बहुतेक वेळा पडायचंच.

या वेळी मी मिशेलिन रोड ६ घेतला आहे, साधा. याच टायरची जीटी म्हणून जास्त ताठ आवृत्ती असते, ती तीनशे किलोच्या आसपासच्या जड टूरिंग गाड्यांसाठी. निन्जाला त्यावर खड्डे उगाच जास्त जाणवतील. पिरेलीचा एंजल जीटी २ सुद्धा माझ्या यादीत अगदी वर होता, आणि कोरड्या रस्त्यावर झुकताना त्याची जी सहज चाल आहे ती मला आजही जास्त आवडते. पण आमचे निम्मे दौरे पावसाळ्यातले. आंबोली, तिलारी, गगनबावडा आम्ही ओल्यातच पाहतो, कारण ते तेव्हाच पाहायचे असतात. मागे बसणारीला पाण्यावर भरवसा वाटावा हे माझ्या पसंतीपेक्षा मोठं आहे, म्हणून निर्णय तिकडे झुकला.

देशात आता हळूहळू बदल दिसतो आहे याचा मला मनापासून आनंद आहे. मदुराईच्या टीव्हीएस युरोग्रिपने रोडहाउंड हा शून्य अंशातल्या, म्हणजे परिघाला समांतर, पोलादी पट्ट्याचा स्पोर्ट टूरिंग टायर काढला आणि तो युरोपातही विकला. सीएटचा दुचाकी टायरांचा कारखाना आपल्या नागपूरजवळ बुटीबोरीला आहे, आणि त्यांनीही मोठ्या बाइकसाठी पोलादी रेडियल आणले आहेत. मित्रांच्या ६५० सीसीच्या गाड्यांवर मी असे देशी टायर चालवून पाहिले. पकड चांगली, आणि किंमत परदेशी टायरच्या मानाने बरीच खाली. माझ्या मापात आणि माझ्या ओझ्याला ते कसे म्हातारे होतात हे मला पाहायचं आहे. हा टायर संपला की पुढची जोडी देशी घ्यायची ठरवली आहे, ताजी डीओटी बघून, आणि नक्षीची खोली मोजायची हीच गेज, हीच स्टीलची पट्टी घेऊन मधोमध, डावीकडे, उजवीकडे मोजत राहायचं.